हातभर पुढे

आधी टक् असा आवाज झाला, मग गाडी हलली, मग आई पडली. दादासोला हा क्रम स्वच्छ आठवत होता. अंगणात जमलेल्या बाकीच्यांना विचारलं असतं तर त्यांनी नुसतं आई ओरडल्याचं सांगितलं असतं, कारण त्या टक्कडे कान द्यायचं कुणाला कारणच नव्हतं. दसऱ्याचं ऊन, झेंडूच्या माळा, चाकाखाली ठेवायला आणलेली लिंबं, आणि आई हळदीकुंकवाचं ताट बाजूला ठेवून पुढच्या चाकाशी ओणवी झालेली. ट्रॅक्टर सुरू असताना त्याच्या तोंडासमोर असं कुणी वाकलं असतं तर चारी बाजूंनी ओरडा झाला असता. पण ही गाडी आवाजच करत नाही, आणि आपल्याकडे आवाज नाही म्हणजे बंद. पिंपळीत जन्मून जे जे यंत्र बघितलं, मळणीचं असो की पाण्याचं इंजिन, ते धडधडायचं. धडधड थांबली की पोरं त्याच्या अंगाखांद्यावर खेळायची. पूजेला दिवे लागलेले असावेत म्हणून दादासोनंच चावी फिरवून ठेवली होती. पूजा झाली की लिंबावरून पुढे घ्यायची म्हणून दांडाही त्यानंच पुढे सारला होता. आणि इतकं करून तो स्वतः, त्या गाडीची वायर न् वायर हातानं ओढलेला माणूस, ती बंदच आहे असं धरून नारळाची शेंडी सोलत उभा राहिला. टक्. गाडी हातभर पुढे आली. आई मागच्या मागे बसली, कोपर फरशीच्या तुकड्यावर आपटलं आणि हातातला हिरवा चुडा वाढला.

"आगं बया!" म्हणत त्याची बायको संजीवनी धावली. शेजारचे तात्याबा पानाची पिंक टाकून पुढे झाले. त्यांना आधी आईकडे बघायला हवं होतं, पण ते गाडीकडे बघत होते. "शार्ट झालं! मी म्हणतच हुतो. कंपनीनं टाकून दिल्याली चीज, त्यात ह्यानं पावर वाढीवली." मग सगळ्यांचे डोळे दादासोवर आले. हातात सोललेला नारळ घेऊन तो तसाच उभा होता. आई उठून बसली होती, "काय न्हाय, काय न्हाय" म्हणत पदरानं कोपर दाबत होती, तेव्हा जिवाची धास्ती गेली होती. तरी दादासोला नारळ खाली ठेवायचंही सुचेना. आई पडली याचाच हा धक्का आहे असं त्याला आधी वाटलं. मग कळलं की डोकं आईपाशी नाहीच. ते एकाच गोष्टीला चिकटून बसलंय. गाडी थांबली कशी?

ड्रायव्हरच्या सीटवर आबा बसले होते. सोनबा, त्याचे वडील. गाडी चालवायला नव्हे, मानासाठी; घरात नवीन वाहन आलं की थोरल्या माणसानं आधी बसायचं. आबांची उजवी बाजू लुळी पडली त्याला आता चौथा दसरा. बोलणं हळूहळू परत आलं, जाड आणि कमी. हातही थोडा आला. पाय आला नाही. बिरूनं, म्हणजे आबांच्या पुतण्यानं, खांद्याखाली धरलं होतं आणि दादासोनं पाय उचलून आत ठेवले होते. डावा आपोआप आला, उजवा नेहमीसारखा भरल्या पोत्यासारखा उचलून ठेवावा लागला. पेडल त्या उजव्या पायाशीच होतं. दादासोनं त्याचा विचार केला नव्हता असं नाही. उलट फार केला होता. आबांचा पाय घसरून पेडलवर पडला तर काय, म्हणून त्यानं मूळची मऊ स्प्रिंग काढून ट्रॅक्टरची ताठ स्प्रिंग घातली होती. गेल्या रविवारी आबांना सीटवर बसवून, तो पाय पेडलवर सोडून, वजनानं दबतंय का हे पुन्हा पुन्हा बघितलं होतं. पेडल तसूभर हललं नव्हतं. आणि पेडल दबल्याशिवाय त्याच्याखालचं बटण लागत नाही, बटण लागल्याशिवाय सीटखालचा कॉन्टॅक्टर टक् करत नाही, आणि तो टक् झाल्याशिवाय बॅटऱ्यांचा करंट मोटरकडे जात नाही. ही साखळी त्यानं स्वतः बांधली होती. तरी घटकाभर धरून चालू की पाय कसाबसा जोरात पडला. पडलेला पाय दाबून राहतो. तो परत उचलला जात नाही. गाडी मात्र थांबली होती. आईच्या पायाच्या बोटांपासून वीतभर अलीकडे, नीट, थांबवल्यासारखी.

त्यानं आबांकडे बघितलं नाही. बघायचं धाडसच होईना. सीटच्या मागची फळी उचलून तो बॅटऱ्यांवर वाकला, आणि लोकांना वाटलं हा बिघाड शोधतोय. शोधायला काही नव्हतं. चार काळ्या बॅटऱ्या ओळीनं बसलेल्या, त्यांच्यामधून वेल्डिंगची जाड केबल, प्रत्येक टोकाला त्यानं कामावरून आल्यावर दमून भागून टाकलेले कथलाचे डाक. ही गाडी लोणी देवकरच्या कारखान्यात आली तेव्हा दादासो तिथं नुकताच इलेक्ट्रिशियन म्हणून लागला होता. परदेशी पाहुण्यांना आवार दाखवायला मालकानं मुंबईच्या कुठल्याशा क्लबातून ती आणवली होती. तिकडे म्हणे साहेब लोक गवतावर चेंडू मारतात आणि चेंडूपर्यंत चालायचा कंटाळा येतो म्हणून गाडीत बसून जातात. हे ऐकून आबा तेव्हा, धडधाकट असताना, खूप हसले होते. "चालायचा कट्टाळा आन् खेळायची हौस!" पुढे गाडीच्या बॅटऱ्या बसल्या, पाहुणे यायचे थांबले आणि ती कँटीनमागे ताडपत्रीखाली पडून राहिली. साहेबांनी "घेऊन जा बाबा, जागा तरी मोकळी होईल" म्हटल्यावर त्यानं इंदापूर रोडनं टेम्पोतून ती घरी आणली, तेव्हा पिंपळीच्या चौकात लोक पोट धरधरून हसले. हसू देत. त्याच्या डोळ्यांपुढे ओट्यावरची आबांची बाज होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत रस्त्याकडे तोंड करून पडलेले आबा, आणि त्या रस्त्यानं येणारं जाणारं दुसऱ्याचं सगळं.

छत्तीस व्होल्टची ती गाडी नव्या बॅटऱ्या घालूनही कालव्याच्या चढावर धापा टाकायची. आणि कालव्यावर जाता येणार नसेल तर तिचा उपयोग काय? कालव्याच्या भरावावर उभं राहिलं की पार पलीकडची माळरानं दिसतात, मेंढरं हिंडत असली की पांढरे ठिपके दिसतात. आबांना तिथं न्यायचं होतं. मग त्यानं सगळंच उपसलं. वेग कमीजास्त करायला मूळ गाडीत तारेची वेटोळी होती, ती तापून लाल व्हायची आणि त्यांचा जळका वास दिवसभर नाकातून जायचा नाही. ती काढून फोर्कलिफ्टचा जुना कंट्रोलर बसवला. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या जोडून छत्तीसची अठ्ठेचाळीस केली. ॲसिडनं दोन सदऱ्यांना भोकं पाडली, संजीवनीनं अबोला धरला, तो सुटला. पहिल्यांदा चढावर गाडी घेतली तेव्हा ती न कुरकुरता वर गेली आणि दादासो वर पोचल्यावर एकटाच मोठ्यानं हसला. आयुष्यात आपण इतकं चोख काम दुसरं केलं नाही, हे त्याला माहीत होतं. गाडी आईनं चालवायची आणि आबांनी शेजारी बसायचं, असं ठरलं होतं. आई शिकलीसुद्धा. पदर खोचून, कासऱ्यासारखं स्टिअरिंग धरून, तोंडानं "हो हो" करत. आबा बाजेवरून बघायचे आणि त्यांच्या तोंडाचा डावा कोपरा हलायचा.

म्हणजे त्या पायात जीव होता, आणि फळी धरून वाकल्या वाकल्या त्याला राग आला. इतका की कानशिलं गरम झाली. चार वर्षं तो या माणसाला उचलत होता. सकाळी परसाकडे, दुपारी संजीवनी आणि आई दोघी मिळून, संध्याकाळी पुन्हा तो. पुण्याच्या कारखान्यात वरची जागा मिळत होती, ती त्यानं घेतली नाही, कारण आईच्यानं एकटीनं उचलवणार नाही. त्यांची कंबर धरली की आबा मान फिरवायचे, आणि ती लाज असते असं समजून तो स्वतःही नजर वळवायचा. मग ते काय होतं? आपल्याला रोज फसवलं जात होतं आणि आपण रोज कळवळत होतो? स्वतःच्या बापाबद्दल असा विचार मनात येतो याचाही त्याला धक्का बसला. त्याहून वाईट विचार त्याच्या मागून आला. पेडल दाबलं तेव्हा पुढे आई होती. त्या क्षणी त्याला फळी सोडून पळून जावंसं वाटलं. नाही, असं नाही. काहीतरी सुटतंय. त्यानं तो क्षण पुन्हा सुरुवातीपासून लावून बघितला, आणि मग त्याला ऐकू आलं की टक्च्या आधीसुद्धा एक आवाज झाला होता.

बिरूची हाक. आबांना बसवून झाल्यावर बिरू फाटकाकडे गेला होता, कारण त्याची मेंढरं रस्त्यापलीकडे बसवलेली होती आणि त्यातली चारदोन तात्याबांच्या घासाच्या वाफ्यात शिरत होती. दसरा झाला की तो ती घेऊन कोकणात उतरणार होता. ती आबांचीच मेंढरं. आबा पडल्यावर घरात सांभाळायला कुणी नाही म्हणून बिरूकडे दिलेली. फाटकात उभं राहून त्यानं जिभेनं ती लांब, थरथरती हाक घातली, "हुर्र्र्र हा!" आणि मग टक् झालं. दादासो लहानपणी आबांबरोबर एकदाच घाट उतरला होता. त्याला आठवलं, आबा जेवत असोत, घोंगडीवर पडलेले असोत, कळप भलतीकडे वळला आणि कुणीही ती हाक घातली की ते बोलायच्या आधी उठलेले असायचे. डोकं मागून उठायचं, उजवा पाय आधी. नेहमी उजवा. आज कळप वळला आणि पाय उठायला गेला. मग समोर आई दिसली आणि पाय मागे आला. एवढंच झालं होतं. राग खालपर्यंत उतरला, पण धक्का उतरला नाही. तो जास्तच आत गेला.

आता त्यानं वर बघितलं. आबा त्याच्याकडे बघत नव्हते. फरशीवर पडलेल्या हिरव्या काचांकडे बघत होते आणि त्यांचा ओठ कापत होता. उजवा पाय दादासोनं ठेवला होता तिथं नव्हता. तो सीटखाली ओढून घेतलेला होता, चोरीत सापडलेल्या हातासारखा.

"सापडलं का?" तात्याबांनी विचारलं. दादासोनं चावी काढून खिशात टाकली आणि तो घरात गेला.

आई चुलीपाशी बसून कोपराला हळद लावत होती. उघड्या मनगटावर तिनं तेवढ्यापुरता हळदीचा दोरा बांधला होता. संजीवनी बांगड्यावाल्याच्या घरी धावली होती. सणाच्या दिवशी सवाशिणीचा हात मोकळा नको.

"लई लागलं का?"

"न्हाय रं. चुडा वाढला तेवढं वंगाळ झालं. त्येंचं तोंड बघवंना." मग हळद लावता लावताच म्हणाली, "ओरडू नगंस कुणावर."

"आई, वायरिंग बरोबर हाय."

"असंल."

"गाडी आपनहून हलली न्हाय. आबाचा पाय..."

"दार लोट." ती इतक्या शांतपणे म्हणाली की त्यानं दार लोटलं आणि वळेपर्यंत त्याला सगळं समजलं. तरी तोंडातून निघालंच, "तुला ठावं हुतं?"

"रोज सांजचं त्या पायाला त्याल कोण चोळतंय? मला न्हाय तर कुणाला ठावं असणार? गेल्या उन्हाळ्यात अंगठा हलला. मग घोटा. माज्या हातात हलायचा. मी गप चोळायची, त्येबी गप."

"आन् मला सांगितलं न्हाय? मी हितं उचलून उचलून..." त्याचा आवाज चढला आणि फुटला. चुलीत लाकूड सरकलं. आईनं ते पुन्हा आत सारलं.

"एकदा म्हणलं मी, धरू का, उठून बगता का? तर रडलं. तुजा बाप रडलेला मी तवर बगितला न्हवता." ती थांबली. "मेंढरं गेली रं. पाय हाय म्हणल्यावर माणसाला चालावं लागतंय. चालून जायाचं कुठं त्येंनी? हितनं परसाकडं? पडल्याल्या माणसाला कुणी काय इचारत न्हाय. उठल्याल्याला समदं गाव इचारतंय, आता काय करता म्हणून."

दादासोला बोलायचं होतं. गाडी होती, कालवा होता, तो चढ, त्याची सगळी मेहनत त्याच्यासाठीच होती. पण आईचं बोलणं अजून संपलं नव्हतं, आणि तिचा चेहरा त्यानं कधी बघितला नव्हता तसा झाला होता, लाजल्यासारखा.

"आन् माजंबी हाय त्यात. लगीन झाल्यापास्नं त्ये कोकणात आन् मी हितं. चार म्हयनं घरी यायचं, त्यातबी समदं ध्यान मेंढरांत. तुमी पोरं माजी एकलीची झाला. आता सांजचं त्याल लावताना बोलत्यात. कुठला घाट, कुठली नदी, कुणाच्या वावरात बसलं, कुणाची भाकर खाल्ली. समदं कोकण मी ह्या वट्यावर बसून ऐकलं. पाय बरा झाला म्हंजे त्याल कशाला लावायचं?" तिनं हळदीची वाटी बाजूला ठेवली. "वायरिंग चुकलं म्हण बाहीर. तुजं काय जातंय?"

तुझं काय जातंय! त्याला हसू आलं आणि रडूही. तिला कसं सांगणार की त्याच्याकडे तेवढंच होतं. जमीन वडिलांची, मेंढरं गेलेली, त्याचं स्वतःचं असं म्हणायला एक हातातलं काम. पंचक्रोशीत कुणाचा स्टार्टर जळला तर लोक त्याच्याकडे येत, कारण दादासोनं केलं म्हणजे बघायला नको. आज दसऱ्याला, शस्त्रांच्या आणि अवजारांच्या पूजेच्या दिवशी, भर अंगणात त्यानं म्हणायचं की माझ्या हातानं माझ्या आईला पाडलं. आणि ते खोटं असणार. तो दाराशी गेला. दाराच्या फटीतून गाडीचं छप्पर दिसत होतं, आणि त्याखाली आबांची पांढरी टोपी, अगदी स्थिर. या घरात आपण सोडून सगळ्यांना सगळं माहीत होतं, असं त्याला वाटलं. मग वाटलं, नाही, या दोघांनाच. एवढ्या आयुष्यात त्या दोघांच्यात दुसऱ्या कुणाला माहीत नसलेलं असं हे एकच होतं.

तो बाहेर आला. "शॉर्ट हुतं," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःचा वाटला नाही. "बटणाची वायर घासली हुती. माजीच चूक."

"तरी म्हणलं!" तात्याबा खूश झाले. मग मोठेपणानं पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हुतंय. पर आमच्या हिरीवरच्या मोटारीचं ऱ्हाऊं दे आता. बारामतीचा मानूस बोलवतो मी." बिरूनं फाटकातून वळून बघितलं. दादासोनं मान हलवली. कानशिलं पुन्हा गरम झाली होती, पण तो तसाच उभा राहिला. आबांनी पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं.

ऊन उतरल्यावर सगळे देवळाकडे सोनं द्यायला गेले. संजीवनीनं आईच्या हातात नवा चुडा चढवला होता आणि आई आत दिवा लावत होती. आबांनी मात्र गाडीतून उतरायला नकार दिला होता. दोनदा विचारलं, दोनदा त्यांनी डाव्या हातानं "ऱ्हाऊं दे" केलं. दादासो पान्हा आणि पक्कड घेऊन त्यांच्या पायाशी बसला. ताठ स्प्रिंग सोडवली, डब्यातून मूळची मऊ स्प्रिंग शोधून काढली आणि तिच्या जागी बसवली. आता आबांचा पाय पुन्हा पेडलपाशी आणायचा होता. सवयीनं त्यानं टाचेखाली हात घातला आणि नेहमीचा भार उचलायला जोर लावला. भार आलाच नाही. पाय त्याच्या हाताच्या आधी उचललेला होता, आणि तिथं, हवेत, थरथरत थांबला होता.

दोघंही त्या पायाकडे बघत राहिले. रस्त्यापलीकडे बिरूची मेंढरं उठून एकमेकांना ढुसण्या देत होती.

"लई जोरात पळती रं," आबा जाड जिभेनं म्हणाले.

दादासोनं तो पाय धरून पेडलवर ठेवला. चावी खिशातून काढून फिरवली.

"अठ्ठेचाळीस व्होल्ट हाय आबा," तो म्हणाला. "हळू दाबायचं."